झेंड्याची सुरगाठ

राष्ट्रध्वज वर उलगडतो तेव्हा खाली उभा असलेला माणूस स्वतःचा उरत नाही. त्याचं नाव, गाव, जात, पार्किंगवरून झालेली भांडणं, सगळं गळून पडतं आणि बावन्न सेकंदांपुरता तो निव्वळ नागरिक होतो. फक्त गाठ सुटली पाहिजे. गाठ सुटली नाही तर त्याच बावन्न सेकंदांत तो पुन्हा बी-विंगमधला चारशे दोन होतो, आणि शेजारी उभा असलेला तीनशे एक ओठ न हलवता विचारतो, की गाठ कोणी मारली.

गाठ मी मारली होती. सव्वीस जानेवारीला, सकाळी सात वाजता, आमच्या सोसायटीच्या गेटमागे जी चौकोनी बाग आहे तिथे. पाहुणे होते बबनराव, म्हणजे गावठाणातले आबा. वय चौऱ्याऐंशी. आमच्या तिन्ही इमारती त्यांच्या मळ्यावर उभ्या आहेत आणि झेंड्याचा खांब त्यांची विहीर बुजवून त्या जागी रोवलेला आहे. नातीचा हात धरून ते चालत आले; धोतर, सदरा, आणि टोपी इतकी कडक की तिला स्वतःची मतं असावीत. अर्जुनरावांनी, म्हणजे आमच्या सेक्रेटरींनी, दोरी त्यांच्या हातात दिली. असं ठरलं होतं, की आबांनी दोरी ओढली की त्याच क्षणी स्पीकरवर राष्ट्रगीत लावायचं. आबांनी ओढली. राष्ट्रगीत लागलं. झेंडा उघडला नाही. आता राष्ट्रगीत सुरू झाल्यावर हलता येत नाही. एकशे वीस माणसं सावधान उभी राहिली आणि पस्तीस फुटांवर लटकलेल्या एका गाठोड्याला मानवंदना देत राहिली. गाठोडं हळूहळू स्वतःभोवती फिरत होतं, जणू सगळ्या विंगांकडे सारखं लक्ष देत होतं. विंध्य, हिमाचल, यमुना, गंगा एकेक करून येऊन गेले आणि ते फिरतच राहिलं. आबा मात्र ताठ उभे होते. दोरी हातात, नजर सरळ समोर. त्यांनी वर एकदाही बघितलं नाही. मला तेव्हा वाटलं, खानदानी माणूस याला म्हणतात. आमची लाज राखायला वर बघत नाही. मग जय हिंद झालं आणि सगळी सोसायटी, जी लिफ्टच्या रंगावरही कधी एकमताने बोलली नव्हती, ती एकमताने जिलबीकडे वळली. आबांजवळ कोणीच त्याबद्दल बोललं नाही. शाल घेऊन, नारळ घेऊन, नातीचा हात धरून ते गेले. संध्याकाळी मी गाठोडं खाली उतरवलं आणि स्क्रू ड्रायव्हर घालून गाठ सोडवली. आतली फुलं शिजलेल्या भाजीसारखी झाली होती.

एवढ्यावर भागलं असतं. पण पुढच्या रविवारी कमिटीची बैठक झाली आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं, की 'पाहुण्यांच्या वयोमानामुळे दोरीस पुरेसा ताण न मिळाल्याने ध्वज उलगडू शकला नाही'. वाक्य अर्जुनरावांचं. खाली पाच सह्या. तिसरी माझी. मी चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. एकवीस वर्षं मी केसाच्याही निम्म्या फरकासाठी गाड्याच्या गाड्या माल परत पाठवलाय, सुपरवायझर लोकांनी माझ्याशी बोलणं सोडलंय, एकाने तर मला त्याच्या बहिणीच्या लग्नातून वगळलं. आणि तोच मी, समाधान कुटे, चहाचा कप बाजूला सारून, पेनाचं टोपण दातात धरून, एका म्हाताऱ्या माणसाच्या हाताला दोष देणाऱ्या खोट्या रिपोर्टवर सही करून मोकळा झालो. पेन चांगलं चालत होतं, हेही आठवतं.

हे सगळं चौदा ऑगस्टला संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये पुन्हा उसळून आलं. बस तळवड्याच्या सिग्नलला कांद्याच्या ट्रकमागे उभी होती. सगळे तोंडं उघडी टाकून झोपले होते. खिशात फोन थरथरला. सोसायटीच्या ग्रुपवर अर्जुनराव, जे घरातल्या लोकांशीही ठरावाच्या भाषेत बोलतात असं ऐकून आहे: 'सन्माननीय बबनराव यांनी उद्याच्या ध्वजारोहणास येण्यास नम्र नकार कळविला आहे. एकदा केलं, झालं, असे त्यांचे म्हणणे आहे. तरी सदस्यांनी पर्यायी पाहुणे सुचवावेत.' खाली सतरा अंगठे. एकदा केलं, झालं. मी ते तीन शब्द हातात भाग घेऊन उजेडाकडे धरावा तसे उलटेपालटे करून पाहिले. 'एकदा'वर जोर दिला तर त्यात कंटाळा होता, 'केलं'वर दिला तर उपहास आणि 'झालं'वर दिला तर शेवट. एखादा चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस 'झालं' म्हणतो तेव्हा तो फक्त झेंड्याबद्दल बोलत नसतो, असं मला वाटलं. ज्याची विहीर बुजवली त्याच्याच हाताने उघडायला झेंड्यानं नकार द्यावा, आणि तेही भर चौकात. आबा रात्री पडल्या पडल्या काय म्हणत असतील? की जमीन विकली म्हणून जमिनीनं दावा साधला. की आपला हात आता शुभ राहिला नाही. आणि हे सगळं गाठीवरच्या एका जादा वेढ्यामुळे, आणि तो वेढा माझा.

खरं तर त्या संध्याकाळपर्यंत मी पंधरा दिवस आनंदात होतो. आनंद हा शब्दही कमी पडेल. कंपनीत आमच्या साहेबांनी विचारलं होतं की कुटे, मुलीचं ठरलं का. मला मुलगी नाही. मला गाठ सापडली होती. नापास मालाच्या बाबतीत आम्ही पाच वेळा 'का' विचारतो. पाचव्या उत्तरात रोग सापडतो अशी पद्धत आहे. मी आंघोळ करताना, बसमध्ये, वरण कालवताना स्वतःला विचारत होतो. गाठ का सुटली नाही? दवानं दोर भिजून आवळला. दवानं आवळेल एवढी ती घट्ट का होती? सुरगाठीवर एक वेढा जास्त होता. वेढा जास्त का घातला? वेळेआधी उघडू नये म्हणून. वेळेआधी उघडेल अशी भीती का वाटली? आणि या चौथ्या प्रश्नाला मी साबण डोळ्यात गेलेल्या अवस्थेत एकदम परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेपुढे जाऊन उभा राहिलो, सातवीत, पंधरा ऑगस्टला, खाकी चड्डी, पायात बहिणीच्या चपला. दत्तोबा गुरुजींनी त्या वर्षी गाठ मारायचा मान मला दिला होता. मी सुरेख सुरगाठ मारली. झेंडा वर नेला. सरपंच यायचे होते. सरपंच तासभर आले नाहीत. आम्ही उभे. आणि कोणाचाही हात न लागता, जणू वाट बघून कंटाळून, झेंडा आपोआप उघडला. फुलं सरपंचांच्या रिकाम्या खुर्चीवर पडली. दोनशे पोरांनी 'हाऽ' केलं. एवढं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं, नंतरही पाहिलेलं नाही, लग्न धरून. गुरुजींनी क्षणभर सलाम ठोकला. मग लांबून मोटारसायकलचा आवाज आला आणि गुरुजींचा चेहरा उतरला. घाईघाईने झेंडा खाली घेतला, फुलं वेचली, पुन्हा घडी, पुन्हा गाठ, पुन्हा वर. आमच्या गावात त्या दिवशी देश दोनदा स्वतंत्र झाला. दुसऱ्यांदा गाठ गुरुजींनी स्वतः मारली आणि मारता मारता माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "समाधान, एक वेढा जास्त घालावा. मग झोप लागते." त्यांच्या तोंडाला तंबाखूचा वास होता. सरपंचांना ती गाठ ओढायला तीन हिसके लागले. गुरुजी मारुतीसारखे हात जोडून उभे. माझा पाचवा 'का' तिथेच संपला. पस्तीस वर्षं मी प्रत्येक गोष्टीला एक वेढा जास्त घालत आलोय. गॅस बंद केल्यावर पुन्हा बघतो. कुलूप ओढून बघतो, जिना उतरून परत जाऊन ओढतो. विजयश्रीला, म्हणजे बायकोला, काहीही सांगितलं की 'कळलं का' विचारतो, आणि ती कळलं म्हणाली की 'काय कळलं' विचारतो. आणि त्या सगळ्याचं मूळ अंगावर साबण असताना सापडल्यावर मला इतकं हलकं वाटलं, की मी तसाच ओरडत बाहेर आलो. विजयश्री म्हणाली, पाणी गेलं का.

मग चाचण्या सुरू झाल्या. खरा झेंडा सरावाला वापरणं मला पटेना. त्याच मापाचा, त्याच वजनाचा कपडा हवा होता, तो आमच्या जेवणाच्या टेबलावर निघाला. बाल्कनीत कपडे वाळत घालायचा वर-खाली होणारा दांड्यांचा सांगाडा आहे, त्याची कप्पी आणि दोरी आयती मिळाली. ताणकाटा कंपनीतून आणला, रीतसर गेटपास करून. कपड्याची घडी, आत चाळीस ग्रॅम झेंडू आणि गुलाब, वर एकच वेढा, एकच फास, शेपूट चार बोटं. ओढायची. किती किलोला सुटते ते लिहायचं. पुन्हा घडी. तीस वेळा, कारण तिसाच्या खाली काहीच सिद्ध होत नाही. त्यातल्या दहा वेळा दोरी मुद्दाम रात्रभर ओली ठेवली, कारण ऑगस्ट. सगळ्यात जास्त ताण आला एक किलो सहाशे. शेवग्याच्या शेंगा तोडायला याहून जास्त लागतो. उलट आपोआप उघडते का हे बघायला मी सांगाडा दहा दहा मिनिटं हलवत बसलो. एकदाही उघडली नाही. मी एकटाच ओढत असल्यामुळे निकाल एकतर्फी होऊ नये म्हणून घरकामाच्या गिरजाबाईंनाही ओढायला लावली. त्या साठीच्या, मनगटात वात. पहिल्यांदा त्यांनी विचारलं की हे देवाचं काही आहे का. मी म्हटलं, देशाचं. त्यांनी पदर खांद्यावरून घेतला, चपला काढल्या आणि मग ओढली. टेबलक्लॉथ उघडला, फुलं त्यांच्या डोक्यावर पडली, आणि त्या इतक्या हसल्या की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर बघितलं. मग म्हणाल्या, दादा, खरा ओढायला कुणाला मिळतो? मी म्हटलं, ते कमिटी ठरवते. त्यांनी चपला घातल्या. बाल्कनीतली फुलं रोज विजयश्री झाडत होती. ती या पंधरा दिवसांत एकदाच बोलली. विसाव्या की एकविसाव्या चाचणीला चहा ठेवताना तिने विचारलं, "प्रत्येक वेळी उभं राहायचं का मी?" मी म्हटलं नको. तरी ती उभी राहिली, चहाची किटली हातात घेऊन, आणि कपडा उघडला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अलीकडे पाहिलेलं नव्हतं. नंतर ती म्हणाली, टेबलक्लॉथ धुवायला टाका.

तर असा मी, खिशात तीस निकालांचा कागद, अंगात सरकन सुटणारी गाठ, आणि ज्याच्यासाठी हे सगळं तो माणूस येणार नव्हता. बस निगडीला भक्ती-शक्ती चौकात वळली. तिथला उंच झेंडा आभाळात एकटाच हलत होता, एवढा मोठा की त्याची एक लाट पूर्ण व्हायला वेळ लागतो. तो म्हणे मोटारीवर चढतो. बटण. तिथे कोणाचा हात नाही, म्हणून कोणाची लाजही नाही. रोज मी त्याच्याकडे पाहतो, रोज उठून काहीतरी करावंसं वाटतं आणि रोज मी ते गिळतो, कारण शेजारी पेंट शॉपचा माणूस घोरत असतो. त्या दिवशी गिळवलं नाही. मी ड्रायव्हरला म्हटलं, गावठाणाच्या कोपऱ्याला थांबव.

आबांचं घर आता तीन मजली आहे, पण खाली ओटा तसाच ठेवलाय. ओट्यावर आबा प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर रेडिओ. शेजारी त्यांच्या पत्नी छबूबाई मेथी निवडत बसलेल्या. नात उत्कर्षा दारातच पुस्तक घेऊन. मी बसमध्ये भाषण तयार केलं होतं, त्यात 'जाहीर' हा शब्द दोनदा होता. समोर तीन फुटांवर जाऊन मी नमस्कार केला. आबा माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिले.

"कोण हाय?" ते म्हणाले.

पहिलाच घाव. मी पाच वर्षं त्यांना ओळखतो. म्हटलं, मी कुटे, सोसायटीतला, झेंड्याचं बघतो तो. "आसं व्हय," ते म्हणाले, आणि रेडिओ बंद केला. माझ्याकडे अजूनही बघेनात. मी मनात म्हटलं, बघू नका, बरोबर आहे तुमचं, माझ्यासारख्याकडे बघण्यासारखं काय आहे. छबूबाई म्हणाल्या बसा, च्या ठिवते. मी बसलो नाही. भाषणातलं एक वाक्यही आठवेना, तेव्हा जे खालून आलं ते बोललो. "आबा, जानेवारीत तुमच्या हाताचा काही दोष नव्हता. गाठ मी मारली होती. एक वेढा जास्त पडला माझ्याकडून. झेंडा उघडला नाही तो माझ्यामुळं. आणि कमिटीनं तुमच्या वयावर ढकललं, त्यावर मी सही केली."

छबूबाईंचे हात मेथीत थांबले. आबांनी मान किंचित तिरकी केली.

"म्हंजी," ते सावकाश म्हणाले, "उघडलाच न्हवता व्हय त्यो?"

मराठवाड्यात टोमणा मारताना माणूस निदान ओठ मुडपतो. इकडे मावळात चेहऱ्यावर रेघ उमटत नाही. इतका थंड, इतका गोल, इतका निष्पाप टोमणा मी आयुष्यात ऐकला नव्हता. माझे कान तापले.

"नाही उघडला, आबा."

"आन् समद्यांनी गाणं म्हणलं?"

"म्हणलं."

"कुणी बोललं न्हाई." दारात उत्कर्षाने मान पुस्तकात घातली.

"नाही."

"आन् ह्ये सहा म्हैने झाले पै-पावण्यांना सांगत्यात," छबूबाई म्हणाल्या, "की झेंडा आमी फडकावला. परवा लेकीच्या सासरलाबी सांगून आले." मीठ चोळावं तर असं. मी खाली मान घालून उभा राहिलो. मला वाटलं हे सगळं मला हवंच होतं. कंपनीत कोणी मला असं कधी धुतलं नाही, कारण कंपनीत मी कधी चुकलो नाही. आतून एक विचित्र उकळी येत होती, भीतीची नाही, जवळपास आनंदाची, सातवीतल्या त्या 'हाऽ'सारखी. आबा रेडिओच्या बटणावर अंगठा फिरवत होते. मग त्यांनी विचारलं, खांब किती उंच आहे. पस्तीस फूट, मी म्हटलं. "हीर आठ परस व्हती," ते म्हणाले. "म्हंजी हिरीपरीस कमीच की." आम्ही आठ पुरुष उंचीची विहीर बुजवली आणि वर सहा पुरुष उंचीचा खांब लावला. दोन पुरुषांचा हिशोब उरतोच, आणि ते मला तो ऐकवत होते. मी मान हलवली. त्यांनी माझ्या मान हलवण्याची दखल घेतली नाही. छबूबाई चहा घेऊन आल्या, मी उभ्याउभ्याच प्यायलो, जीभ भाजली, आणि त्याच वेळी आबा म्हणाले, "मंग येतो सकाळी. काम ऱ्हायलंय म्हणा की माजं."

मी बशी कशी ठेवली आठवत नाही. रस्त्यावर आलो तेव्हा चिंचवड मला नवंकोरं दिसत होतं. पाणीपुरीवाला, पीएमपीची बस, फ्लेक्सवरचे भावी नगरसेवक, सगळे कुठल्यातरी समारंभाला निघाल्यासारखे. क्षमा म्हणजे काय ते मला कळलं होतं. क्षमा म्हणजे टोमणा मारून झाल्यावर 'येतो' म्हणणं. घरी येऊन विजयश्रीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे ते येणार. मी म्हटलं, कळलं का तुला ते काय म्हणाले? ती म्हणाली, हो, येणार म्हणाले. माणसाला बारकावे कळत नाहीत. अर्जुनरावांना फोन करून सांगितलं की पाहुणे येतायत आणि जानेवारीचं इतिवृत्त दुरुस्त करायचं आहे. पाहुण्यांबद्दल त्यांनी आनंद नोंदवला. इतिवृत्त एकदा मंजूर झालं की दुरुस्त होत नाही, म्हणाले. हवं तर मी माझी वेगळी टिपणी जोडावी, दोन प्रतींत.

पंधरा ऑगस्टला सकाळी सहाला मी खांबापाशी होतो. झेंडा खादीचा, इस्त्रीचा. केशरी वर आहे का, हे तीनदा पाहिलं, आणि चौथ्यांदा बघायला गेलो तेव्हा स्वतःला थांबवलं. घडी घातली, फुलं ठेवली, गुंडाळला. फास. एक वेढा. दुसरा वेढा घालायला बोटं आपोआप वळली. दत्तोबा गुरुजींच्या तंबाखूचा वास मला तिथे, चिंचवडला, पस्तीस वर्षांनी स्पष्ट आला. मी बोटं उघडली. माझ्या आयुष्यात मी मोकळी सोडलेली ही पहिली गोष्ट. झेंडा वर नेला, आणि मग पुढचा पाऊण तास मी त्या गाठोड्याकडे बघत उभा होतो, तहान लागलेल्यासारखा, कारण आता तो केव्हाही उघडू शकत होता. मुलं आली, बायका आल्या, तीनशे एक आला आणि माझ्याकडे बघून हसला. गिरजाबाई कामाला आल्या होत्या, त्या गेटशीच थांबल्या. आठला दहा मिनिटं असताना आबा आले. तीच टोपी. उत्कर्षाने त्यांना माझ्याजवळ आणून उभं केलं. मी अर्जुनरावांना बाजूला सारून स्वतः दोरी त्यांच्या हातात दिली. त्यांची बोटं दोरीवर, दोरीवरून माझ्या मनगटावर, पुन्हा दोरीवर गेली. ते स्पर्शानं मला काहीतरी सांगत होते, असं मला वाटलं, आणि माझ्या अंगावर काटा आला.

"वडू?" त्यांनी विचारलं.

"ओढा, आबा."

त्यांनी ओढली. काहीच आवाज झाला नाही. चाचणीत मी आवाजाचा रकाना ठेवलाच नव्हता. गाठ गळून पडावी तशी सुटली आणि केशरी, पांढरा, हिरवा, सगळं एकदम आमच्या डोक्यावर उघडलं. फुलं आली, एवढी की चाळीस ग्रॅमवर विश्वास बसू नये. मुलांनी तोच आवाज केला, 'हाऽ', दोनशे पोरांचा, फक्त इथे ती अठ्ठावीसच होती. राष्ट्रगीत लागलं. मी सावधान उभा राहिलो आणि माझ्या गालांवरून जे वाहत होतं ते पुसता येत नव्हतं, कारण हलता येत नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसत होतं की विजयश्री ताठ उभी आहे, गेटपाशी गिरजाबाईंनी चपला काढल्यात, आणि अर्जुनराव, जे कधीही एका वाक्यात एकापेक्षा जास्त भावना येऊ देत नाहीत, त्यांचा खालचा ओठ हलतोय. आणि आबा. मागच्यासारखेच ताठ. नजर सरळ समोर. वर बघत नव्हते. आता कशाला, आबा, मी मनात ओरडत होतो, आता कोणाची लाज राखताय, आता बघा की, तुमच्या हाताने उघडलाय तो, तुमच्या विहिरीवर. बावन्न सेकंद संपू नयेत असं मला पहिल्यांदाच वाटलं. ते संपले.

जय हिंद झालं. लोक जागचे हलले नाहीत. जिलबीचा बॉक्स उघडा होता तरी कोणी गेलं नाही. आबांनी सदऱ्याची बाही चाचपली, तिथे अडकलेली झेंडूची पाकळी चिमटीत धरून नाकाशी नेली.

"फुलं पडली," ते म्हणाले. "म्हंजी आता उघडला."

त्या शेवटच्या टोमण्यावरून मी आनंदाने अख्खं गाव ओवाळून टाकलं असतं. डोळे पुसत, हसत मी म्हणालो, "आबा, आता तरी वर बघा की."

उत्कर्षाने त्यांच्या हातातून दोरी हळूच काढून घेतली.

"काका, त्यांना दिसत नाही," ती म्हणाली. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दिवाळीच्या आधीपासून. येत्या मंगळवारी एका डोळ्याचं ऑपरेशन आहे."